बिनगोळीची बंदूक

रहीमचाचाच्या दुकानातले किस्से सांगायला बसलो की एकाच्या शेपटीला धरून दुसरा येतोच! साठ-पासष्ट सालच्या आगंमागंची गोष्ट. यवतमाळात चाचांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाच्या जिनिंगमधून सुटलो की मी अन् शाळेतून सुटले की देशमुख मास्तर, दोघंही तिथल्या बाकड्यावर हजर. आज ते बाकडं नाही, चाचा नाहीत. तिथून जाताना जीव नुसता तुटतो.

*

राळेगावचे एक पाटील तणतणत आले. "चाचा, नळी वाकडी हाय! धुक्यात डुकरावर बार काढला, तं बुजगावणं पडलं."

चाचांनी नळीला डोळा लावला. "नळी तो सीधी है, पाटील. नुकसान काय झालं?"

"त्याच्या अंगात माह्या लग्नातला कोट होता ना!"

*

एकदा मास्तर रंगात आले. "चाचा, बंदूक हा शब्द मूळचा अरबी. बुंदुक म्हणजे कडक कवचाचं एक गोल फळ. तसल्या गोल गोळीला तेच नाव पडलं, अन् पुढं गोळी फेकणाऱ्या हत्यारालाही."

"या अल्ला! म्हणजे मी जिंदगीभर फळांचं दुकान चालवून राह्यलो!"

आम्ही हसलो. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा हरी नाईक मात्र हसला नाही. ठासणीची बंदूक मांडीवर घेऊन तो म्हणाला, "मास्तर, मंग गोळीच नसंल तं हिले बंदूक म्हणाचं का नाही?"



*

हरीचा गोपाळ फौजेत होता. चीनच्या लढाईपासून त्याची काहीच खबर नव्हती. घरचं माणूस लांबून परत आलं की गोळी न घालता नुसता दारूचा बार काढायचा, ही हरीच्या घरची रीत. म्हणून त्याची बंदूक कायम भरलेली. पावसाळ्यात दारू सर्द झाली की तो यायचा अन् चाचा कोरडी भरून द्यायचे.

मी एकदा म्हटलं, "अरे बाप्पा, भरलेली बंदूक घेऊन कायले फिरतं? घरी जाऊन भर ना!"

"अन् पोरगं फाट्यावरच भेटलं तं?"

*

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या साली तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा हरी आला. चाचांनी न विचारताच दारू भरली, चिंधी ठासली अन् बंदूक पुढं केली. हरीनं हात पुढं केला नाही.

"गोळी बी टाका, चाचा."

चाचांचा हात तसाच राहिला. "काहून रे, हरी?"

"डुकरं लय मातले. तूर खाऊन राह्यले."