मागच्या भिंतीतली वाट

परवा सावेडीच्या घरी आई वारली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटणार नव्हती... आणि बसल्या बसल्या मला मागची भिंत आठवत राहिली.

बहात्तर-त्र्याहत्तर साली आम्ही नगरच्या माळीवाड्यातून इथे राहायला आलो. तेव्हा हे सगळं शहराबाहेरचं माळरान होतं. दादांनी, म्हणजे वडिलांनी, सोसायटीत प्लॉट घेऊन घर बांधलं. घर मोठं, हवेशीर... पण आईचा जीव रमेना.

माळीवाड्यात एका बोळातून निघालं की दुसऱ्या बोळात, बोलत बोलत मंडईत. इथे आमचा रुंद, सरळ रस्ता आमच्या घराला लागून सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी संपायचा. पलीकडे दुसरी सोसायटी... तिकडे जायचं तर मनमाड रोडपर्यंत जाऊन वळसा. आई दादांना सारखी म्हणायची, "मला परत माळीवाड्यात न्या."

भिंतीपलीकडे शेवगावकडच्या हौसाबाई राहायला आल्या. आई पालथ्या बादलीवर उभी राहून त्यांना विरजण द्यायची. "तुमच्याकडं यायला यष्टीच धराय पायजे बगा," हौसाबाई हसायच्या.

एकदा बादली सरकली... आई पडली, पाय मुरगळला. हौसाबाईंनी पलीकडून ऐकलं. आंबेहळदीची वाटी घेऊन, सगळा वळसा घालून, भर उन्हात घामाघूम होऊन आल्या. लेप लावता लावता दादांना म्हणाल्या, "भाऊ, भित घालताना गडीमानसांनीच ठरवलं व्हय? घरातल्या एकीला तरी इचारायचं हुतं!"

रविवारी पहार घेऊन दादांनी भिंतीचे दगड काढले... डोक्यावर दळणाचा डबा घेतलेली बाई सहज जाईल एवढी वाट. सोसायटीत कुरकुर झाली, चोर येतील म्हणून. दादा म्हणाले, "आले तर आधी माझंच घर लागेल."

पुढे कुरकुरणाऱ्यांच्याच घरच्या बायका तिथून पलीकडच्या गिरणीत जायला लागल्या. आईने माळीवाड्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता शहर पार पुढे गेलंय... जिकडे तिकडे भिंती आणि गेट. दादा आणि हौसाबाई केव्हाच गेले. वाट तेवढी राहिली.

परवा दुपारी हौसाबाईंची सून त्याच वाटेने पिठलं-भाकरी घेऊन आली. तिने आम्हाला वाढलं.

पिठलं अजून वाफाळत होतं... रस्त्याने फिरून आली असती, तर गार झालं असतं.