ओली पट्टी

सन दोन हजार चोवीस. माझं वय एकाहत्तर. दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत, तात्यागुरुजींच्या घरच्या चौकात, पाच परक्या माणसांसमोर मी माझ्या नातीला म्हणालो, "कान धर."

हे मी म्हणालो. गुरुजी नाही. गुरुजी एवढंच म्हणाले होते, की पोरीनं माफी मागितली तर प्रकरण इथंच मिटवू. कान धरायचं माझ्या तोंडून निघालं. दुसऱ्यांनी काय केलं ते पुढं येईल. आधी माझं लिहून ठेवतो.

मी न्हावी. आमचे पूर्वज कुणा मराठे सरदाराच्या लवाजम्याबरोबर काशीत आले, वस्तऱ्यांची धोकटी काखेत मारून. सरदार गेले, त्यांचे घाट उरले. आम्हीही उरलो. घरात मराठी बोलतो, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. शाळा चौथीपर्यंत. अक्षर मोठं काढतो, पण काढतो. कुणाकडून लिहून घेत नाही.

चाळीस वर्षं मी तात्यागुरुजींच्या यजमानांचं क्षौर केलं. महाराष्ट्रातून माणसं येतात, कुणाचा बाप गेलेला, कुणाची आई. गुरुजींकडे उतरतात. सकाळी घाटाच्या पायरीवर मी त्यांची डोकी करतो, ती गंगेत बुडी मारतात, मग गुरुजी मंत्र सुरू करतात. आधी माझा वस्तरा, मग मंत्र. डोकं झाल्याशिवाय पिंड पडत नाही.

बुडी कशासाठी? केस पडले म्हणून. आणि माझा हात लागला म्हणून. हे कुणी बोलत नाही. मला काही वाटायचं नाही असं मी सगळ्यांना सांगायचो. खोटं सांगायचो.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात माझा मुलगा गेला, आणि अकरा दिवसांनी सून. तो रोग सगळ्यांना माहीत आहे, त्याचं नाव लिहीत नाही. मुलगा वॉर्डात होता. आत कुणाला सोडत नव्हते. एक गाजीपूरची नर्स होती. ती संध्याकाळी त्याच्याच मोबाइलवरून फोन लावायची. एकदा म्हणाली, "बाबूजी, आज आपके बेटे की दाढ़ी बना दी है। मास्क बैठ नहीं रहा था। टेढ़ी-मेढ़ी बनी है, आप देखेंगे तो हँसेंगे।"

न्हाव्याच्या पोराची दाढी. तिनं केली. मला आत जाता आलं नाही. मुलाचं तोंड मी परत पाहिलं नाही, पण कुणीतरी ते साफ केलं होतं, एवढं मला माहीत आहे.

त्या दिवसांत डोकं करायला भाऊबंद कुणी आलं नाही. मी माझं डोकं माझ्याच हातानं भादरलं. मागच्या बाजूला दोनदा कापलं.

फोन धरून निशा शेजारी बसलेली असायची. माझी नात, तेव्हा एकोणीस वर्षांची. आईचं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आबा, मी ते काम करणार. त्या नर्सचं."

मी चिडलो. माझी आई बाळंतिणींचं अंग रगडायची, त्यांची धुणी धुवायची, वार पुरायची. बायकोनंही तेच केलं. मी म्हणालो, "पिढ्यान् पिढ्या लोकांची घाण काढली. आता शिकून पुन्हा तेच?"

"तेच. पण शिकून."

हट्ट माझ्याकडून आलाय तिला. बारावीचे मार्क घेऊन गेली, परीक्षा दिली, नर्सिंगच्या जीएनएमला लागली. तीन वर्षांचा कोर्स. पांढरा कोट घालून पहिल्यांदा गल्लीतून निघाली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून दुसरीकडे बघत होतो. मुद्दाम. पण सगळं बघितलं.

दुसऱ्या वर्षाची सुट्टी लागली आणि गुरुजींच्या आई, माई, न्हाणीत पडल्या. वय नव्वदीला टेकलेलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठणं संपलं. पडून पडून कमरेखाली जखम झाली. गुरुजींनी मला पायरीवर गाठलं.

"अरे, तुझी नात नर्सिंग शिकते ना? सुट्टीत माईचं बघेल का? परक्या बाया घरात नको वाटतात."

परक्या नको, म्हणजे आम्ही घरचे. माझी छाती फुगली. निशाला विचारलं नाही, तिथंच हो म्हणून आलो.

निशा रोज सकाळी आणि दुपारी जायची. मी चौकात खालच्या पायरीवर बसायचो. आत गेली की आधी नळावर कोपरापर्यंत हात धुवायची. मग माईंना कुशीवर वळवायची, जखम मिठाच्या पाण्यानं धुवायची, त्या पाण्याची सीलबंद बाटली असते, मग कोरडी पट्टी. वहिनींना, म्हणजे गुरुजींच्या बायकोला, सांगून यायची, "दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि पट्टी कोरडी राहिली पाहिजे." पंधरा दिवसांत जखमेच्या कडा लाल झाल्या. लाल म्हणजे चांगलं, असं ती मला म्हणाली. माई मला आतून ओरडून सांगायच्या, "अरे, तुझ्या नातीचा हात पिसासारखा आहे हो! ही लग्न करून गेली तर मी कुणाकडून करून घेऊ?"

"तोवर तुम्ही चालायला लागाल, माई," निशा म्हणायची.

"चालून जाऊ कुठं? मणिकर्णिका जवळच आहे." आणि हसायच्या.

मग पट्टी ओली सापडायला लागली. आज ओली, उद्या ओली. निशानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "घाम येतो त्यांना."

एक दिवस निशा हात धुवून बाहेर पडली, आणि मी तिची राहिलेली कात्री घ्यायला दारापर्यंत गेलो. वहिनी तांब्या घेऊन उभ्या होत्या. घाटावरून आणलेलं गंगेचं पाणी. माईंच्या अंगावर, बिछान्यावर, कमरेवर. शिंपडत नव्हत्या, ओतत होत्या. नैवेद्याची वेळ होती. माई सगळा जन्म सोवळ्यात राहिलेल्या. न्हाव्याच्या पोरीचा हात लागलेला, तो धुवायला नको?

मी कात्री न घेता परतलो.

गल्लीत निशाला सांगितलं. आणि वर म्हणालो, "रीत आहे पोरी. गंगाजल आहे, विष नाही."

ती थांबली. पलीकडून सांड येत होता, लोक भिंतीला चिकटले, ती मधेच उभी. म्हणाली, "आबा, मी माईंना हात लावायच्या आधी हात धुते. ते मी हात लावल्यानंतर धुतात. मी माईंसाठी धुते. ते कुणासाठी धुतात?"

सांडाला वाट दे, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती सरळ गुरुजींशी बोलली. आवाज खाली, नजर वर. "गुरुजी, जखमेवर नदीचं पाणी पडतंय. इन्फेक्शन होईल. ताप येईल."

गुरुजी मोठ्यानं हसले. "दोन वर्षं शिकलीस नाही तोच गंगेला नावं ठेवतेस? तुझे पूर्वज याच पाण्यात तरले." माझ्याकडे वळून, "काय रे, ऐकलंस का?"

मी पण हसलो. खोटं नाही लिहिणार. दात दाखवून हसलो.

त्यानंतर आठव्या दिवशी माईंना ताप भरला. खोलीत वास येत होता. डॉक्टर आले, जखम बघितली, तोंड वाकडं केलं. "इसमें पानी किसने डाला?"

वहिनी गुरुजींकडे बघायला लागल्या. गुरुजी म्हणाले, "जो पट्टी करती है, उसी से पूछिए।"

डॉक्टर औषधं लिहून, माईंना दवाखान्यात हलवा असं सांगून गेले. चौकात नाशकाकडचे पाच यजमान बसले होते, बापाचं करायला आलेले भाऊ. त्यांच्यासमोर गुरुजींनी आवाज चढवला.

"माझ्या आईला मारायला निघाली ही. हिच्या कॉलेजात मी चिट्ठी देतो. प्रिन्सिपल ओळखीचे आहेत. नाव कापतील हिचं." मग माझ्याकडे बघून, हळू, "तुझ्याकडे बघून सांगतो. सगळ्यांसमोर माफी मागू दे. इथंच संपवू."

मी हिशेब केला. माफी काय, वाऱ्यावर जाते. कॉलेज राहील. पोरगी नर्स होईल. जन्मभर मी असाच तर राहिलोय, मान खाली घालून, वस्तरा चालवून. म्हणून म्हणालो, "कान धर."

निशानं माझ्याकडे बघितलं. बाप गेल्याचा फोन आला तेव्हा तिनं असं बघितलं होतं.

"आबा, मी कान धरला तर हे मी केलं असं होईल. मग कुठला पेशंट माझ्या हाताखाली झोपेल?"

एवढंच. मग ती आत गेली. नळाचा आवाज आला. माईंना तिनं वळवलं, ओली पट्टी काढली, नवीन घातली. बाहेर आली, चपला घातल्या.

गुरुजी म्हणाले, "न्हाव्याची जात. हातात वस्तरा शोभतो, इंजेक्शन नाही."

आणि वहिनींनी तांब्या आणला. निशा जिथं उभी होती तिथल्या फरशीवर पाणी ओतलं. उतार माझ्या बाजूला होता. पाणी वाहत वाहत माझ्या पायाशी आलं. मी पाय मागे घेतला नाही. पाणी बोटांमधून गेलं. यजमानांतला सगळ्यात धाकटा तेवढा खाली बघत होता, बाकी चौघं चहा पीत होते.

त्यांनी फरशी धुतली. पट्टी धुतली ती पण याच पाण्यानं, याच कारणानं. आणि आई मरत होती ती पण याच कारणानं. आईची जखम सडली तरी चालेल, आमचा हात राहायला नको. हे मी चाळीस वर्षं पायरीवर बसून पाहिलं आणि त्याला रीत म्हटलं. माझ्या नातीनं दोन वर्षं शिकून एका वाक्यात सांगितलं होतं.

गुरुजी म्हणाले, "उद्या सहाला ये, पाच डोकी आहेत." तरी मी मान हलवली. चाळीस वर्षं हललेली मान आपोआप हलते.

घरी निशा कॉलेजची फाईल घेऊन बसली होती. रडत नव्हती. मी जेवायला बोलावलं, आली नाही.

"चिट्ठी आली तर मी सांगेन, मी पाणी घातलं नाही," ती म्हणाली. "पण माझं कोण ऐकणार? साक्षीदार कुठाय?"

साक्षीदार ताट वाढून बसला होता. तिला माहीत होतं, मलाही. ती माझं नाव घेत नव्हती. माझी इज्जत राखत होती, जशी मी गुरुजींची राखत आलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी धोकटी घेऊन निघालो. घाटावर पाच भाऊ उघड्या अंगानं पायरीवर बसले होते. गुरुजींनी दर्भ, पिंडाचं पीठ, सगळं मांडलेलं. मला बघून म्हणाले, "चल रे, उशीर झाला. ऊन चढेल."

मी पायरीवर बसलो नाही. धोकटी खांद्यावरच.

"गुरुजी, माईंच्या जखमेवर पाणी कुणी ओतलं, ते या पाच जणांना सांगा. मग वस्तरा उघडतो."

"वेडा झालास का? यांच्या बापाचं आहे!"

"माझ्या पोराचं पण होतं. माझं डोकं मी एकट्यानं केलं. यांची तुम्ही करा."

"तुझी कामाची सगळी घरं तोडीन. एक यजमान मिळणार नाही तुला."

"नको."

सगळ्यात धाकटा उभा राहिला. उभाच राहिला. मी थांबलो नाही. मागून गुरुजी ओरडत होते, संकठा घाटापर्यंत ऐकू येत होतं.

तिथून चालत निशाच्या कॉलेजात गेलो. दोन तास. ऑफिस उघडलं नव्हतं, दारात बसलो. उघडल्यावर बाबूकडून कागद मागून घेतला. मला लिहिता येतं तसं लिहिलं, मोठ्या अक्षरात, मराठीत. की पाणी कुणी ओतलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. की माझ्या नातीनं दोनदा सांगितलं, आणि तिला हसले. की हसणाऱ्यांत मी होतो. की मी तिला कान धरायला सांगितलं ते खोटं वदवून घेण्यासाठी होतं. खाली माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, आणि धंदा : न्हावी.

बाबूनं कागद उलटसुलट केला. "ये कौन-सी भाषा है, बाबा?"

"अक्षर तो आपके ही हैं," मी म्हणालो. "पढ़िए। जहाँ अटकिए, मैं बताऊँगा।"

तो वाचायला लागला. मी समोर खुर्चीवर बसलो होतो. कुणी बस म्हटलं नव्हतं.