चालता प्रेस थांबवणारे जगदाळेसाहेब

बडोद्यात मकरपुऱ्याच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मी शिकाऊ इंजिनियर म्हणून रुजू झाले, त्या सकाळी शेडच्या दारातच मला एका उंच गृहस्थांनी अडवून गुजरातीत सांगितले, "बेन, ओढणी काढून ऑफिसात ठेवा. लेथला ती फार आवडते." मी "हो, ठेवते" असे मराठीत म्हणताच ते हसले. "मराठी का? मग तुमच्यावर दोन भाषांत रागावता येईल!" सुरक्षा अधिकारी मोहनराव जगदाळे यांची ती पहिली ओळख. आज साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत.

साहेबांचे पूर्वज बडोद्याच्या फौजेत होते. ती शिस्त त्यांच्या चालण्यात होती. बोलण्यात मात्र मार्दव. फेरीला निघाले की आधी "केम छो, जेवलात का?" आणि मग हेल्मेटची चौकशी.

एका परदेशी ग्राहकाने मोठ्या ऑर्डरसाठी सुरक्षा प्रमाणपत्राची अट घातली होती. तपासणीच्या सकाळी साहेबांना दिसले, की पत्रा दाबणाऱ्या प्रेसची जाळी उघडीच आहे आणि तिथले कामगार रमेशभाई आत हात घालून काम करत आहेत. जाळी उघडताच प्रेस थांबवणारा स्विच त्यांनी तारेने बांधून टाकला होता. साहेबांनी प्रेस बंद केला. तार काढून गप्प बसता आले असते. पण ऑडिटर आले तेव्हा साहेबांनी स्वतः त्यांना प्रेसपाशी नेले आणि घडले ते सांगितले.

प्रमाणपत्र अडले, ऑर्डर गेली. शेठ सर्वांसमोर कडाडले, "जगदाळेसाहेब, तमे कोना पक्षमां छो?"

"कारखान्याच्याच, शेठ. आज मी लपवलं, तर उद्या हे लोक मला काही दाखवणार नाहीत."

दुसरी पाळी बंद होणार, अशी कुजबुज सुरू झाली. कँटीनमध्ये साहेबांच्या टेबलावर कुणी बसेना. मी डबा घेऊन गेले, तर म्हणाले, "अनघा, तू नवीन आहेस. माझ्यापायी वाईट होऊ नकोस." मी तिथेच बसले. त्या दिवशी त्यांना भाकरी संपवता आली नाही.

रमेशभाईंना काढून टाकायचे ठरत होते. साहेबांनी ते होऊ दिले नाही. प्रेसपाशी स्टूल टाकून त्यांनी विचारले, "तार का बांधलीत?"

"साहेब, माल काढायला दर वेळे जाळी उघडवी पडे. टार्गेट केम पूरुं थाय?"

मग दोघांनी मिळून, जाळी न उघडता माल खाली घसरेल अशी पन्हळ बसवली. काम पूर्वीपेक्षा वेगाने होऊ लागले. हळूहळू इतर कामगारही आपापल्या मशीनच्या अडचणी सांगू लागले. मोडतोड कमी झाली, माल वेळेवर जाऊ लागला. पुढच्या तपासणीत प्रमाणपत्र मिळाले आणि तोच ग्राहक परत आला. शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन थेट शेडमध्ये आले. पहिला पेढा त्यांनी साहेबांना दिला. साहेबांनी तो अर्धा करून रमेशभाईंना भरवला.

माझी आई गेली तेव्हा साहेब आणि सुनंदाकाकू रोज संध्याकाळी हरणीहून वासण्याला आमच्या घरी येत. सांत्वनाचे शब्द नसत. काकू पोळ्या करत, साहेब वडिलांशी पत्ते खेळत.

काकूंच्या निधनानंतर साहेब मुलाकडे पुण्याला गेले. आज शेड मी सांभाळते. प्रमाणपत्रांच्या चौकटी वाढल्या आहेत, पण फेरी मारताना माझ्या डाव्या हाताला अजूनही कुणीतरी चालत असल्यासारखे वाटते आणि मी बोलायला वळते.

परवा फोनवर ते म्हणाले, "इथं फार शांत आहे गं. जरा शेडमध्ये जा." मी फोन मशीनसमोर धरला. बराच वेळ ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सगळं नीट चाललंय ना?"

चालले आहे, साहेब. फक्त आपण इथे नाही. प्रकृती जपा, गुडघ्यांचे फार लाड करू नका आणि थंडीत बडोद्याला या. आपल्यासोबत अजून पुष्कळ वर्षे फेऱ्या मारायच्या आहेत.