बाळाचं दूध घेऊन आलेला राक्षस

हे लिहिणारच नव्हते, कारण आई वाचेल. पण राहवत नाहीये, म्हणून लिहूनच टाकते!

आमच्या खालच्या मजल्यावर एक दाढीवाला वेल्डर राहतो. दोन्ही दंडांवर कवट्या गोंदलेल्या आणि मोटारसायकल अशी की खिडक्या हादरतात. आई त्याला राक्षस म्हणते.

काल ताईला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं, अगदी तळहाताएवढं. ताईला दूधच येईना. हॉस्पिटलातली नर्स म्हणाली, "दूधपेढीतून दूध निघालंय. तिथे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध असतं. रस्ता जाम आहे, पण मोटारसायकलवाला पोचेल." आम्ही दाराकडे डोळे लावून बसलो.

आणि दारात कोण, तर राक्षस! बर्फाची पेटी छातीशी बांधलेली.

आई ताडकन उठली, "तू?"

"हो काकू. आम्ही गाडीवाले मित्र आळीपाळीनं आणतो."

मी विचारलं, "पण पेटी पुढे का बांधली?"

"पडलोच तर पाठीवर पडायचं, असं ठरलंय आमचं. पेटी फुटता कामा नये."

आई तर ढसाढसा रडायलाच लागली. तो बिचारा गडबडला, "अहो काकू, रडू नका! गाडीचा आवाज कमी करून घेतो!"

बाळाच्या पोटात नळीनं दूध गेलं. मला मात्र अजून धक्का पचत नाहीये. संध्याकाळी तो जिन्याखाली गाडी पुसत असतो. बिल्डिंगवाल्यांनो, त्याला बघून दारं लावता ना? लवकर जाऊन भेटा त्याला, प्लीज.