आधी आवाज जुळू द्या

शकीला मॅडम वर्गात आल्या की आधी हजेरी घेत नसत. पुस्तक उघडून म्हणत, "आधी आवाज जुळू द्या. नावं नंतर विचारीन." मग दोघींत एक पुस्तक धरून सगळ्या मुली त्यांच्याबरोबर मोठ्यानं वाचायच्या. बाकांमधून फिरता फिरता मॅडम स्वतःचा आवाज इतका हळूहळू कमी करत, की त्या कधी थांबल्या हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही.

मी आठवीला करमाडजवळच्या आमच्या गावातून शहरातल्या या शाळेत आले, मावशीकडे राहायला. इथं वर्ग मोठा, विषयागणिक शिक्षक वेगळे, ओळखीचं कुणी नाही. पहिल्याच आठवड्यात वाचताना मी 'पाणी'ला 'पानी' म्हणाले आणि मागचे बाक हसले. तेव्हापासून मी नुसते ओठ हलवायचे. सकाळी दप्तर भरलं की उलटी व्हायची. मावशीनं घाबरून वडिलांना फोन केला.

मॅडमनी माझे ओठ पाहिले होते. एक दिवस त्या माझ्याच बाकावर येऊन बसल्या आणि पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. "आवाज नको काढूस. माझ्या बोटाबरोबर नुसती चाल." पुढं रोज तसंच. कधी एखादा शब्द माझ्या तोंडून निसटायचा, पुढं पुढं अख्खी ओळ. त्या वळून बघत नसत.

मग एके दिवशी वडील आले, मेंढरं चुलत्यावर सोपवून. व्हरांड्यात मॅडमना म्हणाले, "पोरीला न्यायला आलो. लई सुकली. असं शिकून काय करायचं?" मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच रडूही आलं. मॅडमनी वाद घातला नाही. "न्या की. एवढा तास होऊ द्या. बसा आत."

वडील शेवटच्या बाकावर अवघडून बसले. वाचन सुरू झालं. मॅडम माझ्याजवळ आल्या, त्यांचा आवाज उतरत गेला. बाकीच्या मुलींना त्यांनी हातानंच थांबवलं होतं. वर्गात फक्त माझा आवाज उरलाय हे कळलं तशी मी वाक्याच्या मध्येच थांबले.

"मी घरून आमची दखनी उर्दू बोलत शाळेत आले होते," मॅडम हलकेच म्हणाल्या. "मलाही हसले होते. वाच पुढं."

मी वाचलं. अडखळत, 'पानी'च म्हणत, उतारा संपेपर्यंत.

वडिलांना अक्षरओळख नाही. तास संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "त्या गोष्टीतल्या माणसाचं पुढं काय झालं?"

"मॅडम उद्या वाचणारेत."

ते बाकावरून उठले. "मग उद्या फोनवर सांग," म्हणाले आणि एकटेच बसस्टँडकडे निघाले.

उलट्या लगेच थांबल्या नाहीत. पण मी राहिले.

वर्ष संपलं आणि मॅडमची बदली बिडकीनच्या शाळेत झाली. निरोपाच्या दिवशी फाटकापाशी मी विचारलं, "तिथं ओळखीचं कुणी आहे का?"

"कुणीच नाही. नवी शाळा म्हटलं की मला अजून धडधडतं बघ."

मॅडमना भीती वाटत असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. "मी येऊ सोबत?"

त्या हसल्या नाहीत. "तू आलीस तर इथं जूनमध्ये येणाऱ्या पोरींजवळ कोण बसणार?"

जूनमध्ये मी नववीत गेले. पहिल्याच मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गाच्या दारात उभी राहिले, तर आत एकही चेहरा ओळखीचा नव्हता. तरी मी आत गेले.