शनिवार कुणाचा

माझी माय तुरुंगात गेली ती एका घागरीपायी. हे मी कधी लपवलं नाही. कुणी हळू आवाजात विचारलं तर मी मुद्दाम मोठ्यानं सांगते. त्या साली आमच्या लातूरजवळच्या मुरुडात विहिरी कोरड्या खडखडीत पडल्या होत्या आणि टँकर आला की बाया चुलीवरचा तवा तसाच टाकून धावायच्या. समोरच्या घरची सून आणि माय, दोघींनी एकाच वेळी पाइपाखाली घागर लावली. ओढाओढ झाली, मायनं तिला ढकललं, ती दगडी हौदावर आपटली आणि दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मायला तिचा जीव घ्यायचा नव्हता. पण जीव गेला होता, त्याला काय म्हणणार?

बाप फार आधीच वारलेला. घरात उरलो मी आणि धाकटी. मी पाचवीत, तिला अजून शाळेत घातलंही नव्हतं. शिक्षा झाल्यावर मायला नांदेडच्या तुरुंगात नेलं. गाडीत बसताना तिनं माझी हनुवटी धरली.

"धाकटीला सोडू नको," ती म्हणाली. "कुणी काही बी म्हणू दे, दोघी एका छपराखाली राहा."

ती रडली नाही, मग मीही रडले नाही. त्या दिवसापासून मला दुसरं कामच नव्हतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कैद्याच्या लेकरांना सरकार काही देतं का, हे विचारायला गल्लीतली माणसं जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादला गेली की तिथं म्हणायचे, आता लातूरला जा. लातूरला जावं तर तिथं साहेब आलेला, पण बसायला खुर्ची आलेली नाही. दोन-चार खेटे घातल्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची बायको वैतागली. तिला सगळे आक्का म्हणायचे. घर लिंगायताचं, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि आवाज असा की वजन करताना गिऱ्हाईक काट्याकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघायचं. ती म्हणाली, सरकारला खुर्ची येईपर्यंत पोरी उपाशी मरतील. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, आज या घरी तर उद्या त्या घरी. तसेच या पोरींना वार लावू.

आणि तिनंच पहिला सोमवार घेतला. महादेवाचा वार, दुप्पट पुण्य. मग काय, मागं कोण राहतंय! भवानीचं मोठं प्रस्थ असलेल्या घरानं मंगळवार धरला. तहसिलीतल्या कारकुनाच्या बायकोनं दत्ताचा गुरुवार मागून घेतला. शिंप्याची बायको, आमची खाला, म्हणाली शुक्रवार माझा, जुम्म्याचा. बुधवार, रविवारही लागले. शनिवार मात्र कुणी घेईना. शनीचा वार, त्यात तुरुंगातल्या बाईच्या लेकी. साडेसाती हातानं कोण घरात घेतंय? शनिवारी मीच घरी चूल पेटवायची, असं ठरलं.

सगळं झ्याक जमलं. फक्त एक गोष्ट एवढ्या शहाण्या माणसांच्या ध्यानात आली नाही. ज्याचा जो देव त्याचा तो वार, आणि ज्याचा जो वार त्याचा त्याच दिवशी उपास! सोमवारी आक्काकडं चूल पेटायची ती दिवे लागल्यावर, पूजा आटोपल्यावर. मंगळवारी भगर. गुरुवारी पुन्हा भगर. दारात ताट घेऊन उभं राहिलं की बाया मायेनं म्हणायच्या, थांब गं बाई, आज आमचा उपास हाय, सांजच्याला या. माया खरी होती, पण मायेनं पोट भरत नाही. धाकटी सगळा आठवडा खालाच्या जुम्म्याची वाट बघायची, कारण तिथं दुपारीच डाळ-भाकरी मिळायची. मी गप्प राहायचे. दुसऱ्याचं खायचं आणि वर तोंड करून बोलायचं, हे मला जमणारं नव्हतं. शाळेत पोरी मला "घागरवाली" म्हणायच्या, तेव्हा मात्र मी गप्प बसत नव्हते. एकीची वेणी माझ्या हातात आली होती म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

अशाच एका सोमवारी भर दुपारी भोकरहून मामा आला. धाकटी उंबऱ्यावर बसून चिंचोका चोखत होती. मामानं विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, आज महादेव हाय, रात्री जेवायचं, आणि तिनं बोटांवर सगळे वार मोजून दाखवले, शनिवार सोडून. मामानं घरात येऊन थंड चूल बघितली, मडकं बघितलं, आणि आमचे कपडे फडक्यात बांधायला घेतले.

मामा वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडंही रान जळालेलं, घरात खाणारी तोंडं भरपूर. त्यानं सरळ सांगितलं, दोघी मला झेपणार नाहीत. मोठीला मी नेतो, शेळ्यांमागं जाईल. धाकटीला बिलोलीच्या मावशीकडं सोडतो. मी धाकटीचा हात असा धरला की ती कळवळली. मी म्हटलं, मी येणार नाही. मामानं गाठोडं उचललं आणि आम्हाला दोघींना ओढत गल्लीत आणलं. मी गळा काढला. तो रडण्याचा नव्हता, बोलावण्याचा होता.

आक्का दुकान टाकून धावत आली. मागून खाला, मग बाकीच्या. मामानं त्यांना शांतपणे एकच सांगितलं, की भर दुपार झाली तरी माझी भाची उपाशी आहे. आक्काचा चेहरा पडला. तिनं मंगळवारवालीकडं बघितलं, मंगळवारवालीनं गुरुवारवालीकडं, आणि तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. खाला पदर तोंडाला लावून म्हणाली, तुमच्यातच म्हणतात ना, आधी पोटोबा मग विठोबा? एरवी आक्कानं तिला सोडलं नसतं. त्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, उपास माझा हाय, लेकरांचा न्हाई. उद्यापासून वार कुठला का असंना, चूल सकाळीच पेटंल.

पण मामा हलला नाही. "आन् शनिवारी?" त्यानं विचारलं. "शनिवारी कोण घालतंय?"

शनीला कुणी हात पुढं करेना. एका वारापायी माझी धाकटी बिलोलीला जाणार होती.

समोरच्या घरची म्हातारी तिच्या ओट्यावर बसली होती. ज्या सुनेचा जीव गेला तिची ही सासू. लेक लातूरला नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर गेलेला, त्यामुळं घरात एकटीच. सून गेल्यापासून तिनं आमच्या दाराकडं मान वळवली नव्हती. ती उठली, काठी टेकत गल्ली ओलांडून आली आणि मामाच्या हातातलं गाठोडं तिनं काढून घेतलं.

"शनिवार माझा," ती म्हणाली. "पाव्हणं, हिच्या मायला मी माफ केलं न्हाई, करणार बी न्हाई. पण माझ्या घरानं एक माणूस घालवलंय. या गल्लीतून आता आणखी कुणी जाणार न्हाई."

मामानं धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकटाच एस्टी स्टँडकडं गेला.

मग दर शनिवारी आम्ही समोर जेवलो. म्हातारी भाकरी वाढायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. पहिल्या शनिवारी मी भाकरी नुसती मोडत बसले. ती न बघताच म्हणाली, जेव. पुढं कितीतरी शनिवार तिच्याकडून तेवढाच एक शब्द मिळाला. पण भाकरी नेहमी गरम असायची.

माय सुटून आली तेव्हा धाकटी माझ्या खांद्याला लागत होती. आक्कानं मायवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, खालानं तिला कवळ घालून उराशी धरलं. समोरचं दार बंद होतं. मायनं सगळ्यांचे हात धरून सांगितलं, आता मी हाय, वार पुरे झाले. पुढच्या शनिवारी धाकटी सवयीनं ताट घेऊन निघाली तर मायनं तिला मागं फिरवलं.

जरा वेळानं काठी वाजली. म्हातारी आमच्या दारात उभी होती, नजर मायला टाळून आमच्याकडं. म्हणाली, आज शनिवार हाय, लेकरं का आली न्हाईत? माय धडपडत उठली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. म्हातारीनं पाय मागं घेतले. मायला मान वर करता येईना. तशीच वाकलेली, ती आम्हाला म्हणाली, जा.

आम्ही जेवलो. निघताना म्हातारीनं आणखी एक भाकरी थापली, भाजली, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"तिला सांग," ती म्हणाली, "ही माफी न्हाई. भाकर हाय."

मी मायला तसंच सांगितलं, एक शब्द न गाळता. मायनं फडकं मांडीवर सोडलं आणि ती भाकरी कोरडीच खाल्ली. खाली पडलेला चुरासुद्धा तिनं बोटानं टिपून खाल्ला.