फुंकायला कायमची बंदी

बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या या गड्याला सगळे फुंक्या म्हणत, आणि त्यालाही त्याची मौज वाटे. गाल फुगवून त्याने सूर लावला की भले भले तोंडात बोटं घालत. एका सकाळी सराव करताना हातातलं ट्रम्पेट निसटलं, तोंड वाकडं झालं, आणि बायकोला हाक मारायला गेला तर तोंडातून धड शब्दच फुटेना.

पक्षाघात. हातापायांत ताकद परतली, जीभ मात्र अडखळतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी मूळ शोधलं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होतं. बहुतेकांचं लहानपणीच बुजतं, याचं उघडं राहिलं. फुंकताना छातीवर जोर आला आणि रक्ताची गुठळी तिथूनच मेंदूकडे सटकली असावी. पुन्हा झटका नको म्हणून मांडीच्या शिरेतून नळी घालून तिथे छिद्र बुजवणारं जाळीचं बटण बसवायचं ठरलं.

“पुन्हा... वाजवता येईल?” त्याने विचारलं.

“आधी बुजू दे, मग बोलू,” बाई म्हणाल्या. तेवढ्या आशेवर गडी टेबलावर आडवा झाला.

तो गुंगीत असतानाच बायको डॉक्टरीणबाईंकडून पथ्यं ऐकून आली. दुखण्यात तीच त्याची जीभ झाली होती, सगळीकडे त्याच्या वतीने तीच बोले. “फुंकायचं कायमचं बंद,” तो शुद्धीवर येताच तिने सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. घरी आल्यावर ट्रम्पेट पुसून लख्ख केलं आणि बँडमधल्या जोडीदाराला देऊन टाकलं. तो पठ्ठ्या ते घेऊन परगावच्या बँडमध्ये गेलासुद्धा.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. “छिद्र छान बुजलंय,” बाई म्हणाल्या. “सराव कसा चाललाय?”

“तुम्हीच... नको...”

“दोन महिने नको म्हटलं होतं. ताईंना नीट समजावलं की!”

बायकोने मान खाली घातली. बाहेर आल्यावर म्हणाली, “तुम्हाला तसं पडलेलं पाहिलंय मी. पुन्हा नव्हतं पाहायचं. चिडा हवं तर, पण डोळ्यांसमोर राहा.”

परक्याने फसवलं असतं तर त्याने शिव्या हासडल्या असत्या. ही तर त्याच्या घरची, त्याच्या तोंडचे शब्द बोलणारी. तिनेच केसाने गळा कापला होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहूनही त्याचं मन द्रवेना.

नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने पुढच्या तपासणीची तारीख विचारली. सवयीने बायको पुढे झाली. त्याने तिला हाताने बाजूला सारलं. मागे रांग चुळबुळत होती.

“मी... एकटा... येईन,” तो म्हणाला.